मेथाडोन चालू असताना संबंध जमत नाहीत, मग डोस निम्मा करू का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर कळेल. वय ३६. सात वर्षं हेरॉइन, गेले आठ महिने रोज ९० मिलिग्रॅम मेथाडोन, म्हणजे हेरॉइन सुटावं म्हणून देतात ते औषध. नशा सुटली आहे, लघवीच्या तपासण्या स्वच्छ येतात. पण इच्छा जवळजवळ संपली आहे, ताठरता मधेच जाते, आणि टिकली तरी गेल्या काही महिन्यांत वीर्यपतन होता होत नाही. मधे दोन दिवस डोस चुकला तेव्हा उलटंच घडलं, सुरू होण्याआधीच सगळं संपलं. नैराश्यासाठी सहा महिन्यांपासून पॅरोक्सेटीन २० मिलिग्रॅम चालू आहे. दिवसाला एक पाकीट सिगारेट. बायकोला शंका येतेय की तुमचं बाहेर काही आहे, नाहीतर नशा परत सुरू झाली आहे. आणि तुम्ही विचारताय की डोस स्वतःच निम्मा करू, शनिवारचा डोस गाळू, की जिममधला मित्र आणून देतो ते टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ?

तिन्हींना माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. पण नुसतं ‘नको’ म्हणून थांबलो तर पुढच्या आठवड्यात यातलं एखादं करून तुम्ही मोकळे व्हाल, म्हणून कारणं सविस्तर लिहितो. तुमचा ईसीजी, रक्तदाब, साखर, यकृताचे रिपोर्ट यातलं काहीच माझ्यासमोर नाही. त्यामुळे खालचं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही, आणि औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. त्यांच्याकडे काय घेऊन जायचं आणि काय मागायचं, एवढं मात्र मी सांगू शकतो.

पहिली गोष्ट. तुम्ही ‘संबंध जमत नाहीत’ अशी एकच तक्रार लिहिली आहे, पण त्या तीन आहेत: इच्छा, ताठरता आणि वीर्यपतन. या तिन्हींच्या नाड्या वेगवेगळ्या हातात आहेत. इच्छेवर हार्मोन आणि मन यांचा ताबा. ताठरता मुख्यतः रक्तवाहिन्या आणि नसांवर चालते, आणि भीतीने ती चटकन जाते. वीर्यपतनाची वेळ मेंदू आणि मज्जारज्जूतली सेरोटोनिन या रसायनाची यंत्रणा ठरवते, आणि ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची औषधं, तिला थेट मंद करतात. व्यसनमुक्तीच्या ओपीडीत पुरुष येतात तेव्हा ‘मर्दानगी गेली’ या दोन शब्दांत सगळं सांगून गप्प बसतात. डॉक्टरही घाईत असले तर सिल्डेनाफिल लिहून देतात. ती गोळी तिघांपैकी फक्त ताठरतेवर काम करते. इच्छाच नसेल तर ती चालत नाही आणि पतनाला काही मदत करत नाही. मग ‘त्या गोळीनेही गुण आला नाही, म्हणजे मी कायमचा गेलो’ असा निष्कर्ष निघतो.

म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर चार रकाने आखा. हेरॉइनच्या आधी, हेरॉइन चालू असताना, मेथाडोनचे पहिले दोन महिने, आणि पॅरोक्सेटीन सुरू झाल्यानंतर. प्रत्येक रकान्यात तीन ओळी: इच्छा किती होती, ताठरता कशी होती, पतनाला किती वेळ लागायचा. त्याखाली आणखी दोन गोष्टी लिहा. सकाळी जाग येताना ताठरता असते का, आणि दाढी पूर्वीइतकीच भराभर वाढते की आता चार दिवस केली नाही तरी चालतं. सकाळची किंवा हस्तमैथुनाच्या वेळची ताठरता चांगली असेल आणि फक्त बायकोसोबत जात असेल, तर रक्तवाहिन्या शाबूत आहेत आणि अडचण बहुतेक धास्तीची आहे. दाढी मंदावली आहे, सकाळची ताठरता महिनोन्‌महिने नाही, अंगातली ताकद गेली आहे, असं सगळं एकत्र असेल तर हार्मोनकडे बोट जातं.

तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरूनही एक गोष्ट दिसते. पतन न होण्याची तक्रार मेथाडोनपासूनची नाही, ‘गेल्या काही महिन्यांतली’ आहे. मेथाडोनला आठ महिने झाले आणि पॅरोक्सेटीनला सहा. सेरोटोनिन वाढवणाऱ्या नैराश्याच्या गोळ्यांच्या गटात पतन लांबवण्यात पॅरोक्सेटीनचा नंबर बराच वरचा लागतो. शीघ्रपतन असलेल्यांना ती मुद्दाम त्यासाठीच दिली जाते. मेथाडोनही पतन लांबवतं, त्यावर ही भर पडली. तेव्हा तिन्ही तक्रारींचं खापर मेथाडोनवर फोडण्याआधी ही दुसरी गोळी तपासायला हवी. पण तीही एकदम बंद करायची नाही, चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखं होतं. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवून मिर्टाझापीन किंवा ब्युप्रोपिऑनसारखं, लैंगिक बाजूने हलकं औषध सुरू करू शकतात. दोन्हींना आपापले अडथळे आहेत. मिर्टाझापीनने वजन आणि झोप वाढते, आणि ब्युप्रोपिऑन फिट येण्याचा इतिहास असलेल्यांना किंवा दारू नाहीतर झोपेच्या गोळ्या नुकत्याच सोडलेल्यांना चालत नाही. दुसरं एक सांगतो, नैराश्य स्वतःच इच्छा मारतं. ते बरं होत असेल तर ‘गोळीमुळे इच्छा गेली’ आणि ‘आजारामुळे गेली’ हे वेगळं काढायला तो चार रकान्यांचा कागदच उपयोगी पडतो.

आता मेथाडोन. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून दर तास-दोन तासांनी एका हार्मोनचा ठोका सुटतो. त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं हार्मोन सोडते आणि एलएचच्या सांगण्यावरून वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवतात. कुठलंही ओपिऑइड, हेरॉइन असो, मॉर्फिन असो की मेथाडोन, हा पहिला ठोकाच दाबून टाकतं. वरून हुकूमच सुटत नाही, तर खालच्या कारखान्याला दोष देऊन काय उपयोग? वृषणं बिघडलेली नसतात, त्यांना काम सांगितलं जात नाही. हे हेरॉइनच्या काळातही चालूच होतं, तेव्हा त्याची फिकीर नव्हती इतकंच. कमी काळ टिकणाऱ्या ओपिऑइडमध्ये मधेमधे उसंत मिळते. मेथाडोन चोवीस तास एकसारखं टिकावं म्हणूनच दिलं जातं, त्यामुळे दाबही चोवीस तासांचा. डोस जितका मोठा तितकी ही शक्यता जास्त. ९० हा आकडा ऐकायला मोठा वाटला तरी बहुतेकांचा परिणामकारक डोस ६० ते १२० च्या दरम्यानच बसतो.

आता शनिवारचा डोस गाळल्याने काय होईल ते बघा. मेथाडोनचा अर्धा भाग अंगातून जायला साधारण एक ते दीड दिवस लागतो, कुणाकुणाला त्याहून बराच जास्त. एक डोस गाळून टेस्टोस्टेरॉन वर येत नाही. हायपोथॅलॅमसला सावरायला आठवडे, कधी महिने लागतात. त्याआधी येतं ते विथड्रॉवल: जांभया, घाम, पोटात कालवाकालव, अंगावर काटा, अस्वस्थता. इतके दिवस दाबून ठेवलेली पतनाची यंत्रणा या अवस्थेत एकदम सैल सुटते, म्हणून तुमचं तसं झालं. विथड्रॉवलमध्ये हात न लावताही वीर्यपतन होणं हे डॉक्टरांना जुनं ठाऊक असलेलं लक्षण आहे. म्हणजे डोस गाळून मिळणार ते शीघ्रपतन, वर तलफ. त्यापेक्षा वेळ बदला. मेथाडोन घेतल्यावर दोन ते चार तासांनी रक्तातली पातळी सर्वांत वर असते, गुंगीही तेव्हाच जास्त असते. सकाळी डोस घेत असाल तर त्यानंतरचे काही तास सोडून संध्याकाळी जवळ या. एवढ्याने सगळं सुटणार नाही, पण फुकटचा अडथळा टळेल.

डोस निम्मा करण्यातला धोका वेगळा आणि जास्त गंभीर आहे. ९० वरून ४५ ला एकदम आलात तर तलफ परत येण्याची शक्यता मोठी, आणि मधल्या काळात शरीराची हेरॉइन झेपण्याची ताकद उतरलेली असते. जुन्या अंदाजाने घेतलेला एक डोस श्वास बंद करतो. उपचार सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे ओव्हरडोसने मृत्यू होण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट असतात. डोस कमी करायचाच असेल तर तो डॉक्टरांसोबत, दर दोन आठवड्यांनी ५ मिलिग्रॅम, फार तर चालू डोसच्या १० टक्के, असा उतरवतात. तलफ डोकावली की तिथेच थांबायचं, वाटल्यास एक पायरी परत वर जायचं. ९० वरून ७५-७० ला येऊन कुणाचं सुधारतं, कुणाचं ढिम्म हलत नाही. म्हणून माझ्या क्रमात डोसला हात लावणं बरंच खाली येतं. आधी रक्त तपासायचं.

ही तपासणी नीट केली नाही तर भलताच निष्कर्ष निघतो, त्यामुळे इथे जरा थांबतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी ७ ते १० च्या मधे, उपाशीपोटी काढायचं. दुपारी ते आपोआप उतरतं, जेवल्यावरही उतरतं. ताप, संसर्ग, इस्पितळातला मुक्काम, रात्रभर जागरण यानंतर लगेच काढायचं नाही. डोस चुकलेल्या आठवड्यातही नको. एकच रिपोर्ट धरून चालायचं नाही, कारण पहिला आकडा कमी आलेल्यांपैकी साधारण ३० टक्के पुरुषांचा दुसऱ्या वेळी नॉर्मल निघतो. दोन-चार आठवड्यांच्या अंतराने दुसरं करा. साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दोन्ही वेळा आलं आणि लक्षणंही असली, तर कमतरता म्हणायची. नुसता आकडा कमी आणि माणूस ठणठणीत, तर औषध द्यायचं नाही.

फक्त एकूण टेस्टोस्टेरॉनवर थांबू नका, सोबत एसएचबीजी मागा. हे रक्तातलं प्रथिन टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं आणि बांधलेलं टेस्टोस्टेरॉन कामाला येत नाही. हिपॅटायटिस सी, यकृताचा सिऱ्होसिस, एचआयव्ही यांत एसएचबीजी वाढतं, आणि सुई वापरलेल्यांत हे आजार पुष्कळ आढळतात. अशा माणसाचं एकूण टेस्टोस्टेरॉन ४५० येतं, ‘सगळं नॉर्मल’ म्हणून त्याला परत पाठवतात, आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन मात्र तळाला असतं. लठ्ठ माणसात उलटं होतं. एसएचबीजी कमी असल्याने एकूण आकडा कमी दिसतो आणि मोकळं ठीक असतं. एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं दुसरं एक प्रथिन) यांचे आकडे हाताशी असतील तर मोकळं टेस्टोस्टेरॉन हिशोबाने काढता येतं.

दुसऱ्या रक्ताबरोबर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन (ही दोन्हीही पिट्युटरीचीच हार्मोन), टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (साखरेसाठी), लिपिड (रक्तातली चरबी) आणि हिमोग्राम करून घ्या. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएचही कमी किंवा नुसतंच ‘नॉर्मल’, हे ओपिऑइडचं चित्र. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच खूप वर, तर दोष वृषणात आहे आणि मेथाडोन निर्दोष. प्रोलॅक्टिन ओपिऑइडने थोडं वाढतं, रिस्पेरिडोनसारख्या मानसिक आजारांवरच्या औषधांनी बरंच वाढतं. पण ते कित्येक पट वाढलेलं असेल, किंवा डोकेदुखी आणि बाजूचं कमी दिसणं असेल, तर पिट्युटरीचा एमआरआय हवाच. साखर आणि चरबी कशाला, असं कुणी विचारेल. तिशी-चाळिशीतली ताठरतेची तक्रार कधीकधी हृदयविकाराची पहिली सूचना असते. शिश्नातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्या आधी तुंबतात. आणि दिवसाला एक पाकीट ओढणाऱ्याला ही शंका घ्यावीच लागते. हेरॉइन सोडलं म्हणून सिगारेटला सूट मिळते, व्यसनमुक्ती केंद्रंही तिच्याकडे काणाडोळा करतात. ताठरतेपुरतं बोलायचं तर हे चुकतंय असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ताठरतेचं औषध. छातीत दुखण्यासाठीच्या नायट्रेटच्या गोळ्या किंवा स्प्रे चालू नसेल, हृदय धड असेल, तर हार्मोनचे रिपोर्ट येईपर्यंत थांबायची गरज नाही. सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम, संबंधाच्या तासभर आधी, पोट रिकामं किंवा हलकं असताना. तेलकट, जड जेवणावर घेतली तर उशिरा आणि अर्धवट लागू पडते. ‘गोळीने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांत निम्मी भानगड इथेच असते. टाडालाफिल १० ते २० मिलिग्रॅमचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो, जेवणाशी तिचं फारसं देणंघेणं नाही, आणि घड्याळाकडे बघत संबंध करावा लागत नाही. रोज ५ मिलिग्रॅम घेण्याचीही पद्धत आहे, जोडप्यातला ताण जास्त असेल तेव्हा ती मला बरी वाटते. दोन्ही गोळ्यांना उत्तेजना लागतेच. गोळी घेऊन भिंतीकडे बघत बसलं तर काही होणार नाही. सहा-आठ वेळा नीट वापरून बघितल्याशिवाय ‘नापास’ म्हणू नये.

मेथाडोन घेणाऱ्याने इथे दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या. मेथाडोन ईसीजीतलं क्यूटी अंतर वाढवतं (ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात) आणि सिल्डेनाफिलच्याच गटातलं व्हार्डेनाफिलही ते थोडं वाढवतं, तेव्हा व्हार्डेनाफिल टाळलेलं बरं. एचआयव्हीसाठी रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असलेली औषधं चालू असतील तर सिल्डेनाफिल रक्तात साचतं. अशा वेळी ४८ तासांत २५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. पार्टीत हुंगायचे ‘पॉपर्स’ म्हणजेही नायट्राइटच, त्यांच्यासोबत या गोळ्या घेतल्या तर रक्तदाब कोसळतो. चार तासांहून जास्त टिकलेली ताठरता आणि गोळी घेतल्यावर छातीत दुखणं, दोन्हींसाठी थेट इमर्जन्सी गाठायची, आणि गोळी घेतली आहे हे तिथे आपणहून सांगायचं. लाजून लपवलं आणि त्यांनी नायट्रेट दिलं, तर जिवावर बेतेल.

इथवर आल्यावर क्रम असा दिसतो: कागद, दोन सकाळची रक्तं, पॅरोक्सेटीनचा फेरविचार, ताठरतेची गोळी, सिगारेट. यात मेथाडोनला अजून हातही लावलेला नाही. तीन महिन्यांत यातून पुरेसा फरक पडला तर पुढचं तुम्हाला लागणारच नाही.

फरक पडला नाही आणि टेस्टोस्टेरॉन खरंच कमी निघालं, तर दोन वाटा उरतात: औषध बदलणं किंवा टेस्टोस्टेरॉन देणं.

आधी औषध बदलणं. मेथाडोनऐवजी देता येणारं ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ओपिऑइडच्या कुलपात बसतं, पण ते अर्धंच फिरवतं. त्यामुळे हार्मोनवरचा दाब सरासरीने कमी पडतो आणि मेथाडोनवरच्या पुरुषांपेक्षा लैंगिक तक्रारीही कमी आढळतात. प्रत्येकाला फायदा होतोच असं नाही, पतन लांबण्याची तक्रार त्यावरही राहू शकते. शिवाय बदल सोपा नाही. नेहमीच्या पद्धतीत मेथाडोन आधी ३० मिलिग्रॅम किंवा खाली आणावं लागतं, मग किमान २४ तास, बहुतेकदा ३६ ते ७२ तास थांबून विथड्रॉवल स्पष्ट दिसल्यावरच पहिली गोळी जिभेखाली ठेवतात. घाई केली तर ब्युप्रेनॉर्फिन मेथाडोनला ढकलून बाहेर काढतं आणि तासाभरात जोराचं विथड्रॉवल उसळतं. दुसरी पद्धत म्हणजे मेथाडोन चालू ठेवून अगदी बारीक मात्रेपासून, अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खालून, आठवडाभर किंवा जास्त काळ चढत जाणं. ९० वरच्या माणसासाठी ती जास्त सोसवते, पण ती ठाऊक असलेला डॉक्टर हवा. मेथाडोनवर माणसं उपचारात जास्त टिकतात, हेही खरं आहे. तुमचं आठ महिने बस्तान बसलेलं आहे, ते मोडण्याआधी घरची परिस्थिती, नोकरी, आजूबाजूला नशा मिळते की नाही, हे सगळं बघावं लागेल.

नाल्ट्रेक्सोन हे तिसरं औषध कुलूपच बंद करतं, हार्मोन दाबत नाही, काहींची इच्छा त्यावर चांगली परतते. पण त्याआधी कुठलंही ओपिऑइड अंगात नसलेले ७ ते १० दिवस लागतात, मेथाडोननंतर दोन आठवड्यांपर्यंत. आणि गोळी सोडून दिली की ओपिऑइड झेपण्याची ताकद शून्यावर आलेली असते. केवळ लैंगिक तक्रारीसाठी मेथाडोन सोडून नाल्ट्रेक्सोनकडे जा, असा सल्ला मी देणार नाही.

टेस्टोस्टेरॉनबद्दल पहिला प्रश्न औषधाचा नसतो. मूल हवंय का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू एलएच आणि एफएसएच आणखी कमी करतो आणि शुक्राणू बनणं थांबतं, कधी पूर्ण शून्य. बंद केल्यावर परत यायला बहुतेकांना सहा महिने ते वर्ष लागतं. येत्या वर्षभरात मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन नको. एचसीजी किंवा क्लोमिफीन या औषधांनी स्वतःच्या वृषणांनाच काम करायला लावतात, पण ते हार्मोनतज्ज्ञाकडे. मूल नको असेल आणि कमतरता पक्की असेल, तर रोज लावायचं जेल किंवा इंजेक्शन. सुई टोचून नशा केलेल्यांना मी जेलकडे वळायला सांगतो, इंजेक्शन असेल तर दवाखान्यातच टोचून घ्यायला सांगतो. घरात सिरिंज, सुई, स्पिरिटचा वास, एवढ्याने तलफ पेटते, आणि लिहून देणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. जेल लावल्यावर हात साबणाने धुवायचे, जागा वाळू द्यायची आणि कपड्याने झाकायची. बायकोच्या किंवा लहान मुलाच्या अंगाला लागलं तर त्यांच्यात परिणाम दिसू लागतात.

सुरू करण्याआधी हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचं प्रमाण), चाळिशीपुढे पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी), आणि घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं आहे का याची विचारपूस. मेथाडोनने झोपेतला श्वास आधीच बिघडलेला असू शकतो. तीन ते सहा महिन्यांनी परत रक्त. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर थांबवायचं, रक्त घट्ट होतं. इच्छा साधारण सहा आठवड्यांत परतायला लागते, ताठरतेला जास्त वेळ लागतो. जिममधल्या इंजेक्शनात यातलं काहीच नसतं. डोस कित्येक पट, बाटलीत नेमकं काय आहे ते देव जाणे, आणि सोडल्यावर टेस्टोस्टेरॉन पहिल्यापेक्षाही खाली.

पतनाच्या वेळेबद्दल जरा स्पष्ट बोलतो, कारण पुढे कधी डोस उतरला की हा प्रश्न उभा राहणार. हेरॉइनवर अर्धा-पाऊण तास टिकायची सवय लागलेल्या माणसाला पुढे पाच मिनिटंही शीघ्रपतन वाटतात. अनेक देशांतल्या जोडप्यांनी घड्याळ लावून मोजलं तेव्हा प्रवेशापासून पतनापर्यंतचा मध्य साडेपाच मिनिटांच्या आसपास निघाला. पूर्वी ठीक असलेल्या माणसात वेळ तीन मिनिटं किंवा कमी झाली आणि त्याचा त्रास होत असेल, तर त्याला शीघ्रपतन म्हणतात. विथड्रॉवलमधलं शीघ्रपतन काही आठवड्यांत आपसूक ओसरतं. टिकलं तर लिडोकेन-प्रिलोकेनचा स्प्रे किंवा मलम १०-१५ मिनिटं आधी लावून संबंधाआधी पुसून टाकायचं, नाहीतर बायकोलाही बधिरपणा येतो. शिवाय पतन जवळ आलं की थांबायचं, ओसरलं की परत सुरू करायचं, असा सराव. लघवी अडवताना आवळतो ते स्नायू दिवसातून तीनदा दहा-दहा वेळा आवळून सोडायचे. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाचं नावही काढायचं नाही. ते वेळ वाढवतं हे खरं, पण ते स्वतः ओपिऑइड आहे, फिट आणतं, पॅरोक्सेटीनबरोबर सेरोटोनिन भलतंच वाढवतं. शीघ्रपतनासाठी कुणी सुचवलं आणि त्यातून व्यसन जडलं, असे पुरुष उपचाराला येतातच. शीघ्रपतनासाठीचं डॅपॉक्सेटीनही पॅरोक्सेटीन चालू असताना घ्यायचं नाही.

राहता राहिली बायको. तिला काहीच माहीत नसेल तर तिने दोन शंका काढल्या यात नवल नाही, पूर्वी तशी कारणंही मिळाली असतील. तिला एवढंच सांगा: ‘हे औषध आणि नैराश्याची गोळी दोन्ही इच्छा आणि ताकद कमी करतात, डॉक्टरांकडे तपासायला जातोय, तूही चल.’ लघवीचे स्वच्छ रिपोर्ट दाखवायला हरकत नसेल तर दाखवा. सुरुवातीचे काही आठवडे प्रवेशाचा प्रयत्न सरळ बंद ठेवा, दोघांनी ठरवून. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, मोबाइल बाहेर ठेवून, आळीपाळीने नुसता स्पर्श. पहिले दोन आठवडे जननेंद्रिय आणि स्तन वगळून, मग तेही घेऊन, मग ताठरता आली तरी मुद्दाम जाऊ द्यायची आणि परत येते का बघायची. परत येते हे एकदा अनुभवलं की ‘आता गेली’ ही धडकी कमी होते, आणि निम्मी ताठरता त्या धडकीनेच जात असते. ही पायरी लोकांना फालतू वाटते, आणि नेमकी तीच गाळून गोळी मागतात.

सोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या दोघांच्याही करून घ्या, राहिल्या असतील तर. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर ० , १ आणि ६ महिन्यांनी तीन टोचण्या. हिपॅटायटिस सी आता बहुतेकदा ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. आणि इच्छा कमी आहे, टेस्टोस्टेरॉन कमी आहे, म्हणून गर्भ राहणारच नाही असं धरून चालू नका. मूल नको असेल तर कंडोम किंवा दुसरं साधन लागेलच.

डोसच्या खिडकीपाशी हे बोलायला जाऊ नका, मागे रांग असते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. वेगळी वेळ मागून घ्या आणि आत गेल्यावर पहिलंच वाक्य हे असू द्या: ‘मला लैंगिक तक्रार आहे, तिच्यामुळे मेथाडोन सोडावंसं वाटतंय.’ दुसऱ्या अर्ध्या भागाने कुठलाही जागा डॉक्टर कान टवकारेल. रिपोर्ट आले की आकडे युनिटसकट इथे लिहा. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात, तिथे ३०० च्या जागी साधारण १०.४ धरायचे. रक्त किती वाजता काढलं तेही लिहा, त्याशिवाय आकड्यावर बोलता येणार नाही.